जरा नजर टाका

‘जरा नजर टाका’ हे मराठीतलं सर्वांत स्वस्त वाक्य आहे. म्हणणाऱ्याला ते फुकट पडतं आणि ऐकणाऱ्याचा रविवार जातो. डॉक्टरला लग्नाच्या पंगतीत कुणीतरी जीभ काढून दाखवतं, वकिलाला स्मशानातून परतताना वाटणीपत्राची हकीकत ऐकावी लागते, आणि आमच्यासारख्या बँकेतल्या कारकुनासमोर चालत्या एसटीत पासबुक उघडलं जातं. ‘जरा नजर टाका हो, व्याज बरोबर लागलंय ना?’ गाडी सरळगावच्या आसपास कुठेतरी गचके खात असते, एक हात वरच्या दांडीला असतो, दुसऱ्या हातात डबा असतो. मोकळी असते ती फक्त नजर. मग ती टाकावी लागते.

पण या वाक्याचा सर्वांत मोठा बळी मी पाहिला तो शहापुरात, आमच्याच शेजारी. हे गृहस्थ संपादक आहेत. संपादक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे अग्रलेख, गुबगुबीत खुर्ची आणि मंत्र्यांचे फोन आले असतील तर ते कृपया मागे घ्यावेत. यांना कचेरी नाही, शिपाई नाही, आणि फोन आलाच तर ‘झालं का आमचं?’ एवढंच विचारायला येतो. दुसऱ्यांनी लिहिलेलं घरी आणायचं आणि नीट करून परत द्यायचं, हा त्यांचा धंदा. पूर्वी ते एका छापखान्यात मुद्रितं तपासत. छापखाना बंद पडला, डोळे शाबूत राहिले, म्हणून धंदा अजून चालू आहे. सगळी आळी त्यांना काका म्हणते. दारावर पाटी आहे : ‘फ्रीलान्स संपादक’.

या ‘फ्रीलान्स’ शब्दानंच त्यांचा घात केला, असं माझं मत आहे. मुळात हा शब्द शूरांचा. वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’ या १८१९ सालच्या कादंबरीत तो भाडोत्री भालाईतांसाठी आला आहे. कुठल्याच राजाचा मिंधा नसलेला, आणि जो पैसे मोजील त्याच्या बाजूनं भाला चालवणारा, असा मोकळा शिपाई. पण इंग्लंडहून निघालेला हा शब्द आसनगाव स्टेशनावर उतरून शहापुरात येईपर्यंत त्यातला भाला वाटेत कुठेतरी गळून पडला, आणि लोकांना फक्त ‘फ्री’ तेवढं ऐकू आलं.

त्यामुळे काकांकडे काय येत नाही ते विचारा. दिवाळी अंकासाठी कथा येते, पतसंस्थेचा वार्षिक अहवाल येतो, पीएच.डी.चा प्रबंध येतो, घराण्याचा इतिहास येतो (त्यात घराणं नेहमी पेशव्यांच्या जवळचं निघतं), वास्तुशांतीची पत्रिका येते आणि श्रद्धांजलीचा मजकूर येतो. यांतला शेवटचा तासाभरात हवा असतो, कारण गेलेला माणूस थांबला तरी फ्लेक्सवाला थांबत नाही. मोबदला बहुधा शाल आणि श्रीफळ. काकांकडे आज इतक्या शाली आहेत की थंडीत माळशेज घाटावर पांघरूण घालता येईल. नारळांचं काय करायचं हा प्रश्न काकूंनी आमच्यासकट चार घरांत वाटून सोडवला आहे.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. डावी बाजू उजव्या बाजूशी जुळली की जग ठीक चाललं आहे, एवढंच तत्त्वज्ञान मला विद्यापीठानं शिकवलं. बाकीचं थोडंफार शिकलो ते काकांच्या ओटीवर, त्यांचं काम बघत.

त्यांचा पहिला नियम असा की, पहिल्या वाचनाला हातात पेन्सिल घ्यायची नाही. ‘पेन्सिल हातात असली की डोळ्यांना चुकांशिवाय काही दिसत नाही. माणूस काय सांगतोय ते आधी ऐकून तर घ्या!’ हा नियम हस्तलिखितापुरता ठेवायचं कारण नाही. मुलाच्या प्रगतिपुस्तकाला, सुनेच्या पहिल्या आमटीला आणि मुख्य कचेरीच्या परिपत्रकाला तो सारखाच लागू पडतो.

दुसरा नियम : चूक बारीक अक्षरांत शोधू नका, मोठ्या अक्षरांत शोधा. लग्नपत्रिकेतल्या ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’पासून ‘वाजंत्री वाजती’पर्यंतच्या काना-मात्रा घरातली सात माणसं तपासतात, आणि वर ठसठशीत सोनेरी अक्षरांत ‘शुभ विहाव’ छापून येतं. आमच्या काउंटरवरही तोच अनुभव. चेकवरची रक्कम लोक तीनतीनदा वाचतात. पण जानेवारीत येणाऱ्या चेकांवर हटकून गेलं वर्ष जिवंत असतं. जे सगळ्यांना दिसतं ते कुणीच बघत नाही.

आणि तिसरा नियम म्हणजे काकांचं उभ्या आयुष्याचं भांडवल : समासात प्रश्न लिहायचा, निकाल लिहायचा नाही. वाक्य कितीही तिरपागडं असो, काका बाजूला ‘चूक’ असं कधी लिहीत नाहीत. बारीक अक्षरात लिहितात, ‘असं म्हणायचं आहे का?’ या चार शब्दांवर त्यांचा धंदा तगला, आणि काकूंचं म्हणणं असं की संसारही.

एवढं करून पुस्तक छापून आलं की त्यात काकांचं नाव बहुधा नसतं. एकदा मला राहवलं नाही. मी म्हटलं, ‘काका, तुम्हाला राग येत नाही?’ ते म्हणाले, ‘अहो, तानसा धरण १८९२ साली पुरं झालं. तेव्हापासून मुंबई आपल्या तालुक्याचं पाणी पितेय. पुढे भातसाचंही प्यायला लागली. दादरला कुणी तोंड धुताना शहापूरचं नाव घेतं का?’ मी हसलो. पण त्यांनी लगेच पुढचं वाक्य टाकलं, ‘मात्र पाणी देणाऱ्या तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, याचा राग येतो. नाव नको, घोटभर पाणी आपल्यालाही हवं. म्हणून मी शाल घेतो, पण बिलही देतो.’

असो. सांगायचा मुद्दा वेगळाच आहे. दुसऱ्याचं दुरुस्त करायचं ते किती करायचं, आणि कुणाला विचारून? हा प्रश्न दिसतो व्याकरणाचा, पण आहे नीतीचा.

व्याकरणाचं त्या मानानं सोपं आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ साली मान्य झाले, १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर पडली. एकूण अठरा. काका म्हणतात, ‘महाभारताची पर्वं अठरा, गीतेचे अध्याय अठरा आणि शुद्धलेखनाचे नियमही अठरा. तिन्ही ठिकाणी भांडणं घरातल्याच माणसांची.’ पण ऱ्हस्व-दीर्घ कुठे द्यायचं ते अठरा नियम सांगतात. थांबायचं कुठे ते एकही सांगत नाही.

ते सांगायला काकांना एकदम सोळाव्या शतकात जावं लागतं. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे १२९० सालची. पुढे तीनशे वर्षं ती नकलून घेतली जात होती, आणि नकलणारा प्रत्येकजण थोडाफार कवी होता. कुणाचा शब्द निसटला, कुणी आपल्या पदरचा घातला. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी प्रती पडताळून शुद्ध प्रत तयार केली. आता यात मला नवल वाटतं ते निराळंच. एकनाथ म्हणजे काही ओवी जमत नाही म्हणून दुसऱ्याच्या ओव्या तपासत बसलेला माणूस नव्हे. त्यांनी स्वतः हजारो ओव्या लिहिल्या होत्या. एखादी सुरेख ओवी मध्येच सरकवून दिली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण त्यांनी तसं केलं नाही, आणि पुढे कुणी करू नये म्हणून बजावून ठेवलं. ज्याला भर घालता येते त्यानं ती न घालणं, हे संपादन. ज्याला येतच नाही त्याचा संयम आपण काय सांगावा!

दुसरं उदाहरण पुण्याचं. भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली आणि १९६६ साली पुरी केली. १२५९ हस्तलिखितं जमवली. १९२५ साली प्रमुख संपादक झालेले विष्णु सीताराम सुकथनकर १९४३ साली गेले, काम पुढे चालू राहिलं. एका हिशेबाचा ताळा घालायला सत्तेचाळीस वर्षं! आमच्याकडे दहा रुपये जुळत नसले तर साडेसातपर्यंत बसतो आणि त्याचीही कुरकुर करतो. तर या विद्वानांनी श्लोक पारखले आणि जे मागाहून घातलेले वाटले ते बाहेर काढले. महाभारत लिहून घेणारा गणपतीसुद्धा मूळ संहितेतून परिशिष्टात गेला. गणपती म्हणजे आम्हा कारकुनांचा आद्यपुरुष. त्याची अशी बदली झाल्याचं वाचून मला क्षणभर वाईट वाटलं. पण लक्षात घ्या, तो परिशिष्टात गेला, कचऱ्यात नाही. जे काढलं ते त्यांनी फेकलं नाही. तळटीपांत आणि परिशिष्टांत छापून ठेवलं, की उद्या कुणाला आमचंच चुकलं असं वाटलं तर त्यानं बघून घ्यावं.

हे वाचलं तेव्हा मला आमची खातेवही आठवली. मी नोकरीला लागलो तेव्हा शाखेत अजून जाडजूड खातेवह्या होत्या. त्यांत आकडा चुकला तर खोडरबर, ब्लेड, पांढरा रंग सगळं वर्ज्य. चुकलेल्या आकड्यावर फक्त एक आडवी रेघ मारायची. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा, शेजारी अधिकाऱ्याची सही. आता संगणक आला तरी चाल तीच : नोंद चुकली तर पुसता येत नाही, उलटी नोंद करावी लागते. म्हणजे मुळातलं दिसलं पाहिजे, आणि बदल कुणी केला त्याचं नाव तिथे पाहिजे. दुरुस्ती आणि अफरातफर यांच्यामध्ये एवढ्या दोनच गोष्टी उभ्या असतात.

माणसांच्या बाबतीत मात्र त्याहून एक तिसरी गोष्ट लागते, आणि ती मला मुरबाडच्या काउंटरवर रोज दिसते. पाड्यावरची एखादी मावशी पैसे काढायला येते. तिच्याजवळ तीन कागद, आणि तिन्हींवर तिचं नाव तीन तऱ्हांचं. एकात ‘ळ’चा ‘ल’ झालेला, दुसऱ्यात काना गळालेला, तिसऱ्यात नवऱ्याचं नाव आडनावाच्या जागी जाऊन बसलेलं. कागद कागदाशी जुळला पाहिजे, हा नियम बरोबरच आहे. नाहीतर एकीचे पैसे दुसरीला जातील. मग काउंटरच्या आतले आम्ही दोघंतिघं शहाणे पाठभेदांची चर्चा सुरू करतो. ‘आधारचं धरा.’ ‘छे, रेशनकार्ड जुनं.’ ‘ल चुकलाय, ळ पाहिजे.’ सुकथनकरांना व्यासांना विचारायची सोय नव्हती. इथे मूळ प्रत समोर उभी असते, घामाघूम, हातात पिशवी घेऊन, आणि तिला कुणी विचारत नाही.

काकांचे चार शब्द ध्यानात ठेवून मी एकदा विचारलं, ‘मावशी, तुम्ही स्वतःचं नाव काय सांगता?’ तिनं सांगितलं. चक्क ‘ल’! त्या बाजूला ‘ळ’ पुष्कळांच्या जिभेवर येतच नाही. ज्याला आम्ही शासनाची चूक समजत होतो ते तिचं खरं नाव होतं, आणि शुद्धलेखनाच्या प्रेमापोटी ते बिघडवायला आम्ही निघालो होतो. अर्ज भरताना ती हसून म्हणाली, ‘नाव कोन विचारतंय? मला सगली पोरांची आय म्हनतात.’ तेवढा ‘सगली’ मी मनातल्या मनातसुद्धा सुधारला नाही.

आता काकांकडे आलेल्या एका वहीची गोष्ट सांगतो. मुरबाडच्या बाजूचे एक निवृत्त एसटी कंडक्टर, वय पंचाहत्तर. त्यांनी दोनशे पानी वहीत आपलं आयुष्य लिहून काढलं होतं. लिहिलंही कंडक्टरसारखंच : प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला गावाचं नाव आणि वेळ, मग कोण चढलं, कोण उतरलं. मुलगा मोठ्या हुद्द्यावर. अमृतमहोत्सवाला पुस्तक काढायचं म्हणून तो वही घेऊन आला आणि सोबत सूचनांचा टाइप केलेला कागद. पहिली सूचना, भाषा प्रमाण करावी. दुसरी, ‘वीटभट्टीचं प्रकरण’ काढून टाकावं.

ते प्रकरण सतरा पानांचं होतं. म्हाताऱ्याच्या लहानपणी एका वाईट वर्षी बापानं म्हसाच्या जत्रेत बैल विकले, भट्टीवाल्याकडून उचल घेतली आणि सगळं घर विटा पाडायला गेलं. मुलाचं म्हणणं अगदीच वाईट होतं असं नाही. तो म्हणाला, ‘काका, माझी मुलं चांगल्या शाळेत आहेत. मुलीचं लग्न ठरतंय. हे पुस्तक व्याह्यांच्या हातात जाणार. उगाच कशाला?’ पैसे तोच देणार होता. भाला त्याच्या बाजूनं चालवायचा, हा तर धंद्याचा धर्म.

काकांनी पेन्सिल न घेता वही वाचली. मग पेन्सिल घेऊन त्या प्रकरणाच्या समासात आपला ठरलेला प्रश्न लिहिला, आणि मुलाला म्हणाले, ‘हा प्रश्न तुम्हाला नाही. वही ज्यांची, त्यांना विचारायचाय. तुम्ही समोर असा.’ रविवार होता, मी मोकळा होतो, मलाही बरोबर घेतलं.

म्हातारबाबा ओटीवर बसले होते. काकांनी सगळं सांगितलं, सतरा पानं पुढे केली आणि विचारलं, ‘दादा, हे काढू का?’ बाबा बराच वेळ पानं चाळत राहिले. मग मुलाकडे न बघता म्हणाले, ‘माजी आय भट्टीवरच गेली. लिवलंय ना मी. तिच्याबद्दल जे काय हाय ते ह्याच पानांवर हाय. ही काढलीस तं तिला ठेवू कुठं?’

मुलगा काही बोलला नाही. त्याची आजी त्या सतरा पानांबाहेर कुठेच नव्हती. ना फोटो, ना कागद. तो उठून आत गेला आणि पाणी घेऊन आला. त्यानं ते स्वतः प्यायलं की वडिलांना दिलं, ते मी बघितलं नाही. अशा वेळी नजर टाकायची नसते.

पण गोष्ट इथे संपत नाही. काका वही मिटणार तेवढ्यात बाबा म्हणाले, ‘एक काढा. भट्टीवाल्याचं नाव. त्याचीपन नातवंडं हायत.’ आणि स्वतःच्या हातानं, तीन ठिकाणी, त्यांनी त्या नावावर एकेक रेघ मारली.

येताना मी गाडीत हाच विचार करत होतो. काढायचं मुलालाही होतं आणि बापालाही. मुलगा खोडत होता ते स्वतःची अब्रू राखायला, आणि खोडत होता दुसऱ्याच्या वहीत. बाप खोडत होता ते परक्याच्या नातवंडांची मान खाली जाऊ नये म्हणून, आणि खोडत होता स्वतःच्या. दोघांच्या हातातली पेन्सिल तीच. म्हणजे ‘काही काढू नये’ हा नियम खरा नाही, आणि ‘नको ते काढावं’ हाही नाही. वही कुणाची आणि रेघ कुणासाठी, एवढं विचारलं की बहुतेक उत्तर येतं. मग ती वही हस्तलिखिताची असो, शेजाऱ्याच्या संसाराची असो, नाहीतर आपल्याच म्हाताऱ्या आईवडिलांच्या आठवणींची. आपण तिघांच्याही समासात भराभर ‘चूक’ लिहीत सुटतो.

पुस्तक निघालं. बोली तशीच राहिली. काकांनी फक्त विरामचिन्हं घातली, म्हणजे वाचणाऱ्याला कुठे उतरायचं ते कळावं. प्रस्तावना मुलानं लिहिली आणि आजीबद्दल लिहिली. समारंभात काकांना शाल मिळाली, नारळ मिळाला आणि एका पाकिटात चेकही मिळाला.

दुसऱ्या दिवशी काका चेक घेऊन माझ्याकडे आले. मुलानं आधी ठरलेली रक्कम लिहिली होती. मग ती खोडून, अंकी आणि अक्षरी दोन्हीकडे, जवळजवळ दुप्पट केली होती. दुरुस्ती आदर्श होती. एकच सरळ रेघ, मूळचा आकडा स्वच्छ वाचता येत होता, शेजारी पूर्ण सही. वही त्याची, रेघ दुसऱ्यासाठी. पण समाशोधनात जाणाऱ्या चेकवर तारखेखेरीज कसलीही खाडाखोड चालत नाही, असं रिझर्व्ह बँकेनं २०१० सालीच ठरवून दिलेलं आहे. मी काकांना तसं सांगितलं.

‘म्हणजे माणसानं सद्बुद्धीनं केलेली दुरुस्ती तुम्ही मानत नाही?’

‘काका, फॉर्ममध्ये सद्बुद्धीचा रकाना नाही.’

काकांनी चेक उन्हात धरून दोन्ही आकडे पुन्हा एकदा वाचले, आणि नीट घडी घालून खिशात ठेवला. ‘हा मी जपून ठेवतो,’ ते म्हणाले. ‘माणसाचं मन बदललं याचा लेखी पुरावा रोज हाती येत नाही. पण त्याला फोन करा, आणि नवा द्यायला सांगा. मंगळवारी विजेचं बिल भरायचंय.’